बॅक्लोफेन लागू पडेनासं झालं, मग पुढे काय? स्पास्टिसिटीवरच्या औषधांचा आढावा

ताठर स्नायू सैल करणारं औषध बॅक्लोफेन दिवसाला ६० मिग्रॅ चालू आहे. सुरुवातीचे काही महिने पाय सैल वाटत होते. आता पुन्हा पहाटे पोटऱ्यांत पेटके येतात, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर चढतात, खुर्चीतून पलंगावर घेताना गुडघा वाकता वाकत नाही. गोळी तीच, डोस तोच, गुण मात्र नाही. यावर ठरलेलं उत्तर म्हणजे ‘शरीराला सवय झाली, डोस वाढवू’. डोस ८० होतो, दिवसभर डोळ्यांवर झापड असते आणि ताठरपणा जेमतेम हलतो.

इथून पुढे जी औषधं समोर येतात त्यांचा हा आढावा. विषय फक्त मेंदू किंवा मज्जारज्जूच्या दुखण्यातून येणाऱ्या स्पास्टिसिटीचा, म्हणजे स्नायू आपोआप आवळून ताठरण्याचा: मल्टिपल स्क्लेरोसिस, पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, सेरेब्रल पाल्सी. कंबर धरली किंवा मान आखडली म्हणून मिळणाऱ्या ‘मसल रिलॅक्संट’ गोळ्यांचा इथे संबंध नाही. सायक्लोबेन्झाप्रिनच्या माहितीपत्रकात तर मेंदू-मज्जारज्जूच्या स्पास्टिसिटीवर ही गोळी उपयोगी नाही असं सरळ छापलेलं असतं. खालचे आकडे प्रौढांचे आहेत. डोस बदलायचा तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच, पण त्यांना काय विचारायचं हे माहीत असलं की निम्मं काम होतं.

आधी घोटा तपासा

‘सवय झाली’ या निदानातली बरीचशी निदानं चुकीची असतात, आणि ते पाच मिनिटांत कळू शकतं. माणसाला उताणं झोपवा, गुडघा सरळ ठेवा. टाच हातात धरून पाऊल अगदी सावकाश नडगीकडे वळवा. जिथे थांबेल तो कोन लक्षात ठेवा. मग तीच हालचाल झटक्यात करा. समजा सावकाश वळवताना पाऊल काटकोनाच्या पुढे १० अंश गेलं आणि झटक्यात वळवताना काटकोनाला १५ अंश बाकी असतानाच अडकलं, तर मधले २५ अंश स्पास्टिसिटीचे. तेवढ्याच भागावर औषधाचा जोर चालतो. दोन्ही वेळा पाऊल एकाच कोनावर अडकलं, तर स्नायू आणि कंडरा आखूड झाले आहेत. तिथे बॅक्लोफेन ८० मिग्रॅ द्या नाहीतर ते मज्जारज्जूपाशी सोडणारा पंप बसवा, पाऊल हलणार नाही. ते काम स्प्लिंट, प्लास्टर किंवा शस्त्रक्रियेचं.

फिजिओथेरपिस्ट याला टार्ड्यू चाचणी म्हणतात. बहुतेक कागदांवर फक्त ॲशवर्थचा, म्हणजे ताठरपणाच्या श्रेणीचा, आकडा लिहिलेला असतो. तो भरायला सोपा, पण आखूड स्नायू आणि ताठर स्नायू यांत तो फरक करत नाही. औषध बदलण्याआधी दोन वेगांचे दोन कोन लिहून मागा. मज्जाविकारतज्ज्ञ लान्स यांनी १९८० मध्ये केलेल्या व्याख्येतच स्पास्टिसिटी वेगावर अवलंबून असते हे आहे, मग मोजताना वेग सोडून कसं चालेल?

दुसरी तपासणी चिथावणीची. इजा झालेल्या जागेच्या खाली काहीही दुखलं, भरलं, चिरडलं की मज्जारज्जू त्याला ताठरपणाने उत्तर देतो, मग त्या माणसाला ते जाणवो न जाणवो. लघवीचा संसर्ग हा पहिला संशयित. मग मलावरोध, मूतखडा, शय्याव्रण, मांसात रुतलेलं नख, घट्ट पट्टा, कॅथेटरची दुमडलेली नळी, पायातल्या शिरेतली रक्ताची गाठ, कळून न आलेलं फ्रॅक्चर, सांध्याभोवती नको तिथे तयार होणारं हाड. मज्जारज्जूच्या जुन्या इजेत वर्षांनंतर आत पोकळी वाढते, तिची पहिली खूण कधी कधी वाढलेली स्पास्टिसिटी हीच असते. औषधांपैकी बीटा इंटरफेरॉन आणि नैराश्यावरच्या एसएसआरआय गटाच्या गोळ्या काही जणांत ताठरपणा वाढवतात.

यात एक दुष्टचक्र नेहमी नजरेतून सुटतं. बॅक्लोफेनने मलावरोध होतो. मूत्राशय शांत ठेवण्यासाठी दिलेल्या ऑक्सिब्युटिनिननेही होतो. मलावरोधाने पेटके वाढतात, पेटके वाढले म्हणून बॅक्लोफेन वाढतं, आणि पोट आणखी बसतं. अशा माणसाला सवय झालेली नसते, त्याला एनिमा हवा असतो.

घड्याळाचा हिशेब

चिथावणी सापडली नाही, दोन कोनांत फरकही भरपूर आहे, तरी अजून दुसऱ्या औषधाकडे वळू नका. बॅक्लोफेनचं रक्तातलं अर्धआयुष्य, म्हणजे औषध निम्मं उरायला लागणारा वेळ, साधारण ३ ते ४ तास. ४ धरू. रात्री ९ वाजता २० मिग्रॅ घेतली तर पहाटे १ वाजता परिणाम १० मिग्रॅ घेतल्यासारखा, ५ वाजता ५ मिग्रॅचा, ७ वाजता साडेतीनच्या आसपास. पहाटेचे पेटके म्हणजे सवय नव्हे, रिकामी टाकी. तीन वेळा २० ऐवजी चार वेळा १५ मिग्रॅ घेतलं तर दिवसाचा डोस तोच राहतो, शिखर खाली येतं म्हणून गुंगी कमी होते, आणि दोन डोसांमधली दरी बुजते. शेवटची गोळी झोपताना घ्यायची, जेवताना नव्हे. सकाळी बिछान्यातून उठवण्याच्या पाऊण तास आधी पहिली गोळी द्यायची. एवढ्या बदलावर दोन आठवडे थांबून पाहणं हा या आढाव्यातला सगळ्यात फायद्याचा सल्ला आहे, आणि सगळ्यात कमी वेळा पाळला जाणाराही.

त्या दोन आठवड्यांत एक तक्ता ठेवा: गोळीची वेळ, पेटक्यांची वेळ, शौचाची वेळ, रात्री किती वेळा जाग आली. पेटके गोळीच्या आधीच्या दोन तासांत गोळा होत असतील तर दोष वेळापत्रकाचा. गोळीनंतर तासाभरानेही येत असतील तर औषध खरंच कमी पडतं आहे.

बॅक्लोफेन

१९६२ मध्ये सिबा कंपनीत हे औषध बनवलं गेलं ते अपस्मारासाठी. तिथे ते फसलं, स्पास्टिसिटीत कामाला आलं. मज्जारज्जूतल्या गाबा-बी ग्राहींना (ग्राही म्हणजे पेशीवरची, औषध जिथे चिकटतं ती जागा) ते चेतवतं, त्यामुळे स्नायूला ‘आवळ’ असा निरोप नेणारी मज्जापेशी गप्प होते. सुरुवात ५ मिग्रॅ दिवसातून तीनदा, दर तीन दिवसांनी प्रत्येक डोसात ५ ची भर, कमाल सहसा ८० मिग्रॅ. गोळीतलं बरंचसं औषध मेंदू आणि रक्त यांच्यामधली भिंत ओलांडू शकत नाही. तोंडाने घेताना वरची मर्यादा ठरते ती गुंगीने. ताठरपणा त्याआधी गेला तर ठीक.

खरी सवय बॅक्लोफेनला लागू शकते, पण वर्षानुवर्षे त्याच डोसावर बरे असलेले लोकही पुष्कळ आहेत. म्हणून सहा महिन्यांत गुण गेला तर संशय आधी वरच्या यादीवर. ६० वरून ८० वर गेल्याने दोन आठवड्यांत काही मिळालं नाही, तर पुन्हा ६० वर या. वरचे २० मिग्रॅ फक्त झोप आणतात.

दोन धोके. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडातून जसंच्या तसं बाहेर पडतं. मूत्रपिंड मंदावलेल्या वयस्कर माणसात डोस वाढवला की गोंधळलेपण, बरळणं, थेट बेशुद्धी. डोस वाढवण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, पाहिलीच पाहिजे. आणि अचानक बंद केलं तर भास, झटके, ताप, आधीपेक्षा वाईट ताठरपणा. ‘सवय मोडायला चार दिवस गोळी बंद ठेवू’ हा घरगुती प्रयोग करायचा नाही. उतरवायचं ते आठवड्याला ५ ते १० मिग्रॅ या गतीने.

द्रव बॅक्लोफेन घेणाऱ्यांनी बाटलीवरचं लेबल दर वेळी वाचावं. एका बाटलीच्या ५ मिलीत ५ मिग्रॅ असतं, दुसरीच्या ५ मिलीत २५. चमचा तोच, डोस पाचपट.

टिझानिडिन: पहिला पर्याय, पण अटी वाचून

बॅक्लोफेन कमी पडल्यावर आमची पहिली पसंती टिझानिडिनला. कारण साधं आहे: ते वेगळ्या दारातून शिरतं. अल्फा-२ ग्राहींवर काम करतं, त्यामुळे गाबा-बी ग्राही बधिर झाले असले तरी याच्या कामात अडथळा येत नाही. दुसरी जमेची बाजू म्हणजे ताकद तुलनेने कमी घटते. चालणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं आहे, कारण कित्येकदा तो माणूस उभा असतो तो त्या ताठर पायांच्याच आधारावर.

सुरुवात २ मिग्रॅ, शक्यतो रात्री. दर १ ते ४ दिवसांनी २ ते ४ मिग्रॅची भर, दिवसातून तीनच डोस, कमाल ३६ मिग्रॅ. परिणाम तास-दोन तासांत शिखरावर आणि सहा तासांच्या आत ओसरलेला. म्हणजे हे चोवीस तासांचं पांघरूण नाही. ते जिथे हवं तिथे टाकायचं: झोपताना, किंवा अंघोळ-कपड्यांच्या तासभर आधी.

ही गोळी पोटात काय आहे यावर वागणं बदलते, आणि टॅब्लेट व कॅप्सूल उलट्या दिशेने. जेवणासोबत टॅब्लेट घेतली तर रक्तातलं शिखर सुमारे ३० टक्के वाढतं. कॅप्सूल घेतली तर २० टक्के घटतं. एकीवरून दुसरीवर गेल्यावर ‘लागू पडेना’ किंवा ‘एकदम चक्कर आली’ अशी तक्रार आली तर आधी हे तपासा. रोज उपाशी किंवा रोज जेवून, जे ठरवाल ते एकच ठेवा.

आता सगळ्यात मोठी अट. यकृतातल्या ज्या एन्झाइमने टिझानिडिन मोडतं, त्याला सिप्रोफ्लॉक्सासिन रोखून धरतं. दोन्ही एकत्र घेतली तर रक्तातलं टिझानिडिन दहापट होतं. नैराश्यावरच्या फ्लुवोक्सामिनसोबत तेहेतीसपट. रक्तदाब कोसळतो, माणूस शुद्ध हरपतो. आणि स्पास्टिसिटीच्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की सिप्रोफ्लॉक्सासिन सर्रास लिहिलं जातं. लिहिणारा डॉक्टर वेगळा, टिझानिडिन देणारा वेगळा. टिझानिडिन सुरू झाल्या दिवशीच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘सिप्रोफ्लॉक्सासिन चालणार नाही’ असं लिहून ठेवा.

त्याच एन्झाइमला धूम्रपान जोर देतं, म्हणून सिगारेट सोडणाऱ्या माणसाला जुनाच डोस जड जाऊ शकतो. गर्भनिरोधक गोळ्यांसोबत उलट: औषध रेंगाळतं, डोस कमी लागतो. लिव्हरची तपासणी सुरू करण्याआधी आणि पूर्ण डोसावर पोचल्यावर महिन्याभराने. तोंडाला कोरड हमखास. मोठ्या डोसावरून एकदम उतरलं तर रक्तदाब आणि नाडी उसळतात. दिवसाला २ ते ४ मिग्रॅने खाली या.

बॅक्लोफेन काढून टिझानिडिन आणायचं असेल तर आधी भर, मग वजाबाकी. पहिले चार दिवस रात्री २ मिग्रॅ, बॅक्लोफेन जसंच्या तसं. पुढचे चार दिवस रात्री ४. मग सकाळची २ मिग्रॅ. टिझानिडिन ८ ते १२ मिग्रॅवर स्थिरावल्यावर बॅक्लोफेनला हात लावा. बऱ्याच जणांना शेवटी दोन्ही निम्म्या निम्म्या डोसावर लागतात, आणि एकाच्या कमाल डोसापेक्षा तो सौदा बरा. दोन्हींची गुंगी मात्र एकमेकींत मिसळते, त्यामुळे त्या काळात गाडी चालवणं बंद. क्लोनिडिनही त्याच दारातून शिरतं. टिझानिडिन चालू असताना त्याची जोड नको.

डायझेपाम आणि क्लोनाझेपाम

मूळच्या चिंता-झटक्यांवरच्या, झोप आणणाऱ्या या गोळ्या. परिणाम खरा, आणि सवयही खरी. या आढाव्यातल्या सगळ्या औषधांत सवय लागण्यात ही जोडी सगळ्यात पुढे. एका औषधाची सवय मोडायला हे आणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. डायझेपाम मोडून होणारं द्रव्यही काम करत राहतं आणि त्याचं अर्धआयुष्य १०० तासांपर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे आजच्या गोळीत परवाची मिसळते. ओपिऑइड वेदनाशामकासोबत श्वास मंदावण्याचा धोका. एकच जागा आम्ही यांना देऊ: रात्रीचे पेटके झोप मोडत असतील तर झोपताना क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ, तेही शेवटची तारीख आधी ठरवून.

गाबापेंटिन

ताठरपणासोबत जळजळ किंवा मुंग्या असतील तर नसांच्या वेदनेवरच्या या औषधाचा विचार टिझानिडिनच्याही आधी करावा. एका गोळीत दोन कामं होतात. डोस हळूहळू चढवत दिवसाला साधारण १८०० ते ३६०० मिग्रॅ, तीन भागांत. इथे डोस वाढवला तरी गुण वाढत नाही याला सवय म्हणायची घाई नको. आतड्यातून हे औषध आत घेणारी वाहतूकच मर्यादित आहे: दिवसाला ९०० मिग्रॅ घेतलं तर सुमारे ६० टक्के रक्तात पोचतं, २४०० घेतलं तर ३४ टक्के. म्हणून एका वेळी मोठी गोळी घेण्यापेक्षा वेळा वाढवा. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड घेत असाल तर त्यानंतर किमान दोन तासांनी गाबापेंटिन. डोस मूत्रपिंडाप्रमाणे कमी करावा लागतो.

डँट्रोलिन

बाकीची सगळी औषधं मज्जातंतूंशी बोलतात, हे थेट स्नायूशी. स्नायूपेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटणं ते कमी करतं, त्यामुळे वरून कितीही हुकूम आले तरी आवळणं सौम्य. बॅक्लोफेनच्या सवयीशी याचा काही संबंध उरत नाही. डोक्याला गुंगी तुलनेने कमी. ऐकायला उत्तम, पण किंमत ताकदीत मोजावी लागते: ताठर स्नायू आणि कामाचा स्नायू यांत ते भेद करत नाही. चालणाऱ्या माणसाला शक्यतो नको. पूर्ण अंथरुणावर असलेल्या माणसाला, जिथे प्रश्न मांड्या फाकवून स्वच्छता करता येण्याचा आहे, तिथे हे अगदी योग्य.

२५ मिग्रॅ रोज एकदा, सात दिवस. मग २५ तीनदा, सात दिवस. मग ५० तीनदा, सात दिवस. मग गरज असेल तर १०० तीनदा. दिवसाला ४०० च्या वर नाही. ४५ दिवसांत उघड फायदा दिसला नाही तर बंद करायचं. ही मुदत माहितीपत्रकातली आहे आणि ती पाळायची, कारण यकृताला इजा होण्याचा धोका खरा आहे. स्त्रिया, पस्तिशीच्या पुढचे आणि इस्ट्रोजेन घेणारे यांच्यात तो जास्त. सुरू करण्याआधी आणि नंतर नियमित लिव्हरच्या तपासण्या. टिझानिडिन आणि डँट्रोलिन एकत्र म्हणजे एकाच यकृतावर दोन ओझी.

नॅबिक्सिमॉल्स

गांजाच्या वनस्पतीपासून काढलेला तोंडात मारायचा फवारा. परवानगी आहे तिथेच, आणि ती मुख्यतः मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये इतर औषधं कमी पडल्यावर. एका फवाऱ्यात गांजातली दोन द्रव्यं: २.७ मिग्रॅ टीएचसी आणि २.५ मिग्रॅ सीबीडी. दोन फवाऱ्यांत किमान १५ मिनिटं, दिवसाला जास्तीत जास्त १२. याची एक गोष्ट बाकीच्या औषधांनी शिकण्यासारखी आहे: चार आठवड्यांत फरक पडला नाही तर थांबायचं, हे वापराच्या नियमातच आहे. फवाऱ्यात अल्कोहोल असल्याने तोंड चुरचुरतं, म्हणून दर वेळी जागा बदला: जिभेखाली, मग गालाच्या आत. पूर्वी मनोविकाराचा झटका आलेल्यांना नाही.

बोट्युलिनम टॉक्सिन: इथली सवय वेगळी

ताठरपणा मोजक्या स्नायूंत असेल, म्हणजे मिटलेली मूठ, वाकलेलं कोपर, आत वळलेलं पाऊल, तर सगळ्या अंगाला गुंगी देणाऱ्या गोळ्या वाढवत बसण्यात अर्थ नाही. बोट्युलिनम टॉक्सिन हे स्नायू सैल पाडणारं इंजेक्शन; सुई सरळ त्या स्नायूत. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, चार ते सहा आठवड्यांत भरात येतो, साधारण तीन महिने टिकतो. त्याच काळात ताण देणं आणि स्प्लिंट चालू नसतील तर इंजेक्शनाचे पैसे निम्मे वाया.

युनिट हा शब्द इथे फसवा आहे. ओनाबोट्युलिनम टॉक्सिनचं प्रौढांत तीन महिन्यांचं कमाल माप ४०० युनिट. ॲबोबोट्युलिनमचं एका हाताचंच ५०० ते १००० असू शकतं. दोन कंपन्यांची युनिटं एकमेकांत बदलता येत नाहीत. ‘मागच्या वेळी ५०० दिलं होतं, या वेळी ३०० च दिलं’ म्हणून भांडण्याआधी कुपीवरचं नाव पाहा. आणि ते नाव, युनिटं, स्नायू, किती मिली सलाइनमध्ये विरघळवलं हे सगळं लिहून घ्या. १०० युनिट २ मिलीत म्हणजे ०.१ मिलीत ५ युनिट. पुढच्या वेळी गुण आला नाही तर तुलना करायला हेच उपयोगी पडतं.

गुण येईनासा झाला तर कारणं या क्रमाने: सुई चुकीच्या स्नायूत, डोस कमी, स्नायू आता आखूड झालेला, कुपी २ ते ८ अंशांत ठेवलेली नव्हती, आणि सगळ्यात शेवटी अँटीबॉडी, म्हणजे औषध निकामी करणारी शरीराची प्रतिद्रव्यं. दंडातल्या मोठ्या स्नायूत अंदाजाने टोचणं एक वेळ चालेल, पण हाताच्या बोटांचे स्नायू कोपराच्या खाली एकमेकांवर थर लावून असतात. तिथे अल्ट्रासाउंड किंवा विद्युत-उत्तेजनाशिवाय टोचणारा तज्ज्ञ आम्ही तरी निवडणार नाही.

अँटीबॉडीची शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. कपाळाच्या एकाच बाजूला छोटा डोस देतात. दोन-तीन आठवड्यांनी भुवया वर करायला सांगतात. एका बाजूला आठ्या आणि दुसरी बाजू गुळगुळीत, तर औषध चालतंय, चूक टोचण्यात आहे. दोन्हीकडे सारख्याच आठ्या पडल्या तर शरीराने औषध निकामी केलं आहे. अशा वेळी त्याच प्रकारचा डोस वाढवून उपयोग नाही; बी प्रकारचं टॉक्सिन किंवा फिनॉल हा मार्ग. मोठे डोस आणि कमी अंतर यांनी ही वेळ ओढवते, म्हणून बारा आठवड्यांच्या आत ‘थोडंसं वरचं’ इंजेक्शन मागू नका. टोचल्यानंतरच्या काही आठवड्यांत गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच दवाखाना.

फिनॉल जुनं, स्वस्त आणि खडबडीत. ५ ते ७ टक्क्यांचं द्रावण नसेपाशी टोचतात, परिणाम लगेच दिसतो, कित्येक महिने टिकतो, अँटीबॉडीचा प्रश्नच नाही. मांड्या आवळणाऱ्या स्नायूंच्या नसेला उत्तम. संवेदनाही वाहणाऱ्या नसेत गेलं तर जळजळ मागे लागते, म्हणून हात सरावलेला हवा.

बॅक्लोफेन पंप

गोळीतल्या बॅक्लोफेनने गुंगी येते पण पाय सुटत नाहीत, तेव्हा तेच औषध मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडण्याची कल्पना पेन आणि क्रोइन या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडली. डोस मिलिग्रॅममध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये. दोन्ही पायांत तीव्र ताठरपणा, गोळ्या थकलेल्या, अशा माणसाला दुसऱ्या कशानेही एवढा फरक पडत नाही. गोळीची सवय झालेल्यालाही पंप लागू पडतो, कारण अडचण बहुधा औषध पोचण्याची असते.

बसवण्याआधी चाचणी: कमरेतून ५० मायक्रोग्रॅमचं एक इंजेक्शन. अर्ध्या-एक तासात सुरुवात, चारेक तासांनी शिखर. उपयोग नाही झाला तर दुसऱ्या दिवशी ७५, मग १००. शंभरालाही ताठरपणा हलला नाही तर पंप नाही. चाचणीच्या वेळी फिजिओथेरपिस्ट हजर हवा आणि माणसाला उभं करून पाहायला हवं; पाय इतके सैल पडतात की काहींना उभंच राहता येत नाही. हे शस्त्रक्रियेआधी कळलेलं बरं.

हिशेब असा. ४० मिलीची टाकी, दर मिलीत २००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०,०००. रोज ५०० लागत असेल तर तळाची शिल्लक सोडून सुमारे पाच महिने. २० मिलीची टाकी आणि ५०० ची तीव्रता (दर मिलीत ५०० मायक्रोग्रॅम) असेल तर तोच माणूस अठरा-वीस दिवसांनी टाकी भरायला सुईखाली. तीव्रता बदलताना पंपाचा प्रोग्रॅम बदलला नाही तर डोस चौपट होतो, आणि नळीत उरलेल्या जुन्या औषधाचाही हिशेब घालावा लागतो. प्रोग्रॅमची छापील प्रत दर वेळी मागून घ्या.

पंपावर पहिल्या वर्षभरात डोस हळूहळू वाढतोच. ते सवयीपेक्षा जुळवून घेणं जास्त. नंतर तो बहुधा स्थिर होतो. वाढत्या डोसालाही दाद न देणारे लोक औषधाच्या माहितीपत्रकाप्रमाणे ५ टक्क्यांच्या आसपास: ६२७ पैकी २८. म्हणून स्थिर डोसावरचा माणूस अचानक ताठरला, तर दोष पंपात किंवा नळीत शोधायचा. टाकीतून किती औषध निघतं ते मोजा. संगणक म्हणतो ६ मिली उरलं असावं आणि सिरिंजमध्ये १४ मिली आलं, तर औषध शरीरात गेलेलंच नाही. आकडे जुळले तर एक्स-रेत नळी तुटली, सरकली, दुमडली का पाहा. मग पंपाच्या बाजूच्या छिद्रातून मज्जारज्जूचं पाणी ओढून पाहतात. १-२ मिली सहज आलं तरच तिथून एक्स-रेचा रंग सोडायचा. पाणी न येताच रंग ढकलला तर नळीत भरलेलं सगळं बॅक्लोफेन एका दमात आत जातं. एमआरआयच्या चुंबकात पंपाची मोटर थांबू शकते. नंतर ती पुन्हा सुरू झाली का हे यंत्र लावून पाहिल्याशिवाय घरी जायचं नाही.

सगळं ठीक निघालं आणि डोस वर वर जातच राहिला, तर ती खरी सवय. मग औषधाची सुट्टी: रुग्णालयात, दोन ते चार आठवड्यांत डोस उतरवत, त्या काळात दुसरा आधार देऊन. मणक्यात संरक्षकद्रव्य नसलेलं मॉर्फिन हा त्यातला एक. नंतर पंप सुरुवातीच्याच डोसापासून पुन्हा सुरू करतात. काही पंपांत सलग थेंबांऐवजी दिवसातून ठरावीक वेळा थोडा थोडा भरणा सोडता येतो. सुट्टीआधी तो बदल करून पाहण्यासारखा आहे.

भरायची तारीख चुकली, नळी सुटली, बॅटरी संपली, तर औषध एकदम बंद पडतं. बॅटरी साधारण सात वर्षांची. बदलण्याची शस्त्रक्रिया आधीच ठरवून ठेवायची. औषध बंद पडल्याची पहिली खूण बऱ्याचदा खाज असते, पुरळ नसलेली. मग ताठरपणा उसळतो, ताप, भास, झटके, स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण. घरात बॅक्लोफेनच्या गोळ्या ठेवाव्यात, पण गोळ्यांनी पंपाची जागा भरून निघत नाही. गोळी घेऊन खाज कमी होते का ते पाहत बसू नका. पंप तपासू शकेल अशा रुग्णालयात त्याच तासाला निघा, आणि पंपाचं कार्ड व शेवटच्या प्रोग्रॅमचा कागद सोबत घ्या.